सुट्टीच्या दिवसाच्या सहा गोळ्या

भाऊंच्या हातात कात्री आली की गिऱ्हाईक निर्धास्त डोळे मिटायचं. चौतीस वर्षांत त्यांनी कोणाच्या कानाला साधा ओरखडा काढला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, वहिनी सांगायच्या. भाऊ म्हणजे कोपऱ्यावरच्या दोन खुर्च्यांच्या सलूनचे मालक आणि वहिनी म्हणजे त्यांची बायको. अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची. फक्त भाऊंची थोरली बहीण "अगं ए" म्हणायची.

वहिनी दोन चौक पलीकडच्या लाँड्रीत काउंटर सांभाळायच्या. कपडे मोजून घ्यायचे, चिठ्ठी टाचायची, धुऊन इस्त्री होऊन आले की ज्याचे त्याला द्यायचे. वीस वर्षांत एक शर्ट इकडचा तिकडे झाला नव्हता. "माझ्या हातून घोळ होत नाही," हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या, आणि समोरच्याने मान डोलावल्याशिवाय पुढचं बोलायच्या नाहीत. त्यांच्या हातून झालेल्या एकुलत्या एका घोळाची ही गोष्ट आहे. तो झाला तोही इतक्या नीटनेटकेपणाने, की कोणाला पत्ता लागू नये.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी भाऊंना चहाचा कप उचलेना. बोटं सुजलेली, मनगटं गरम, मूठ वळेना आणि वळली तर सुटेना. दुपारपर्यंत जरा सैल झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मग रोजच. नऊला उघडणारं सलून अकराला उघडायला लागलं, मग बाराला. भाऊंनी आधी दाढी करणं सोडलं. वस्तरा माणसाच्या गळ्यावर फिरतो, तिथे "बघू जमतंय का" चालत नाही. मग बारीक कात्री सोडली. उरलं मशीन, आणि तेही दोन्ही हातांनी धरावं लागायला लागलं.

उपाय सुचवायला गिऱ्हाइकांनी काही कमी केलं नाही. सलूनच्या खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आलं, की माणूस निम्मा डॉक्टर होतो. एकाने गरम वाळूने शेकायला सांगितलं. दुसऱ्याने तांब्याचं कडं घालायला सांगितलं. तिसऱ्याने टोमॅटो बंद करायला सांगितले, आणि चौथा म्हणाला की त्याच्या चुलत्याला टोमॅटोनेच गुण आला. ताईंनी, म्हणजे त्या थोरल्या बहिणीने, तेल आणलं. जगातल्या कुठल्याच गोळीवर ताईंचा विश्वास नव्हता. डोकं दुखलं तर त्या कपाळाला फडकं करकचून बांधून बसायच्या आणि बाकीच्यांची डोकी दुखवायच्या. त्यांनी रोज संध्याकाळी येऊन भावाचे हात चोळले. दोन महिने चोळले, त्यात प्रेम कमी नव्हतं, पण सूजही कमी झाली नाही.

शेवटी वहिनी त्यांना मोठ्या दवाखान्यातल्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर वयाने लहान होत्या, पण बोलणं हेडमास्तरीणबाईंचं. त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं, रक्ताचे रिपोर्ट वाचले आणि समजावून सांगितलं.

"बाहेरच्या जंतूंशी लढायला शरीरात एक फौज असते. तुमची फौज तुमच्याच सांध्यांवर चालून गेलीय. बाहेरचं काही शिरलेलं नाही. घरातलंच भांडण आहे."

"मिटेल का हो?" वहिनींनी विचारलं.

"मुळापासून नाही मिटणार. पण धाकात ठेवता येतं. आयुष्यभर ठेवावं लागतं."

"घरातलं भांडण, आणि आयुष्यभर धाक," भाऊ म्हणाले. "त्याची सवय आहे मला."

वहिनींनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की डॉक्टरांनाही हसू आवरेना.

औषध होतं सहा गोळ्यांचं. डॉक्टरांनी ते तीनदा सांगितलं. सहा गोळ्या एकदम, आठवड्यातून एकदाच, रोज अजिबात नाही. दर महिन्याला रक्त तपासायचं. "औषध प्रमाणात घेतलं तर हात वाचवेल. जास्त झालं तर रक्तावर उठेल. तुमचं दुकान बंद कधी असतं?"

"मंगळवारी."

"मग मंगळवारीच घ्या. थोडं मळमळलं तर आराम करता येईल."

घरी येईपर्यंत वहिनींनी बेत पक्का केला होता. भाऊंचा विसराळूपणा त्या जाणून होत्या. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस तो. त्याला वार काय लक्षात राहणार? मंगळवारी सुट्टी असली तरी भाऊ सकाळी दोन तास सलूनमध्ये जायचे. वस्तरे उकळायचे, कात्र्यांना धार लावायची, खुर्च्यांना तेल द्यायचं. शटर वर असलं की लोक आत शिरतात, म्हणून दाराच्या काचेवरची पाटी 'चालू'ची 'बंद' करायची. रोज रात्री काही ती फिरवावी लागत नसे, शटर ओढलं की झालं. पाटी फिरायची ती फक्त सुट्टीला.

वहिनींनी लाँड्रीतल्या पांढऱ्या कापडाची बोटभर पिशवी शिवली, तिच्यात सहा गोळ्या घातल्या आणि पाटीच्या खिळ्यावर, पाटीच्या पुढे अडकवून दिली. आता पिशवी काढल्याशिवाय पाटी फिरवताच यायची नाही.

"दुकान बंद, गोळ्या चालू," त्या म्हणाल्या. "एवढं तरी लक्षात राहील ना?"

"राहील की."

"तुम्ही घ्यायच्या. पिशवी रिकामी दिसली की मी भरणार. वाटेवरच तर आहे माझ्या. मग घोळ व्हायचं कारणच नाही."

भाऊंनी मान डोलावली.

आणि खरंच, पहिले सात-आठ महिने घड्याळ लावल्यासारखं चाललं. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला भाऊ लाँड्रीत आले. गिऱ्हाईक सोडून ते कधी यायचे नाहीत, त्यामुळे वहिनींनी हातातलं काम थांबवलं. भाऊंनी काउंटरवर उजवा हात ठेवला, मूठ वळली आणि सोडली. पुन्हा वळली, पुन्हा सोडली.  वहिनींच्या हातात कोणाचीतरी इस्त्रीची पँट होती. तिच्यातच तोंड खुपसून त्या पोटभर रडल्या आणि पँट परत धुवायला टाकली.

भाऊ पुन्हा दाढ्या करायला लागले. पहिली दाढी त्यांनी स्वतःची केली, दुसरी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची. तो म्हणाला, "भाऊ, आज गालाला हात लावला तर बायको ओळखायची नाही." ताईंनी गुण आपल्या तेलाला दिला. वहिनींनी वाद घातला नाही. ताईंशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता, आणि खरं सांगायचं तर वहिनी त्यांना घाबरायच्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी वहिनींनी दूध उतू घालवलं होतं, त्याचा दाखला ताई अजून देत.

मग सलूनसमोरचा रस्ता खणला.

पाण्याचे पाइप बदलायचे होते. कामगार आले, खणलं, गेले. दुसरे आले, बुजवलं. तिसऱ्यांनी येऊन सांगितलं की पाइप टाकायचाच राहिला, आणि पुन्हा खणलं. धूळ इतकी की आरशात माणूस दिसेना. भाऊ सकाळी सलून उघडायचे, तासभर वाट बघायचे, फळीवरून उडी मारून कोणी येणार नाही हे कळलं की उठायचे. भरदिवसा दुकान बंद म्हणजे सुट्टीच, म्हणून पिशवी काढायची, गोळ्या पाण्याबरोबर घ्यायच्या, पाटी फिरवायची, शटर ओढून घरी. संध्याकाळी वहिनी लाँड्रीतून येताना त्यांच्याकडची किल्ली लावून आत डोकवायच्या, आरशांवरचं कापड नीट करायच्या, पिशवी रिकामी दिसली की भरायच्या. भाऊंना वाटायचं, भरलेली आहे म्हणजे घ्यायची वेळ झालीय. वहिनींना वाटायचं, रिकामी आहे म्हणजे भरायची वेळ झालीय. औषधवाला पट्टी मागितली की हसून पट्टी द्यायचा. त्याने डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्या खेपेला वाचली होती, ती त्याला पुरली.

तुम्ही म्हणाल, दोन शहाणीसुरती माणसं, एकाच्याही डोक्यात आलं नाही? नाही आलं. दोघंही आपापलं काम चोख करत होते, आणि मधला आठवडा दुसरा मोजतोय अशी दोघांचीही समजूत होती. संसारात असे कितीतरी आठवडे कोणीच मोजत नाही. बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही, एवढंच.

पहिल्यांदा भाऊंचं तोंड आलं. जिभेवर, गालाच्या आत लाल चट्टे. धुळीने झालं असेल म्हणून वहिनींनी गुळण्या करायला लावल्या. मग अंगात जीव राहिना. रस्ता बुजवून झाला होता, गिऱ्हाईक यायला लागलं होतं, पण भाऊ एक डोकं भादरून खुर्चीत बसायचे. त्या महिन्याची रक्ताची तपासणी त्यांनी पुढे ढकलली, कारण दवाखान्यात रांगेत उभं राहायचंही त्राण नव्हतं. मग दहालाच पाटी फिरवायला लागले. बरं नाही, म्हणून दुकान बंद. दुकान बंद, म्हणून गोळ्या चालू. आणि गोळ्या पोटात गेल्या की आणखी बरं नाही.

एका सकाळी त्यांना सणकून ताप भरला आणि पाण्याचा घोटही घशाखाली उतरेना. वहिनींनी त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जाताना तोंडाला मास्क, हात धुऊन, एका वेळी दोघंच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. सांध्यांच्या डॉक्टर आल्या, तोंड बघितलं, हातावर, पायावर पाहिलं आणि सरळ विचारलं, "गोळ्या कशा घेत होतात?"

"आठवड्यातून एकदा," भाऊ कसेबसे बोलले. "सुट्टीच्या दिवशी."

"जास्त नाही ना झाल्या? नक्की?"

"अहो, मी स्वतः भरून देते," वहिनी म्हणाल्या. "माझ्या हातून घोळ होत नाही."

डॉक्टरांनी गोळ्यांचा जोर उतरवणारी इंजेक्शनं सुरू केली, तापावरची वेगळी. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. वहिनींचा जीव भांड्यात पडला. चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर फाइल घेऊन आल्या. ताई खुर्चीत बसल्या होत्या, वहिनी पलंगाशी उभ्या.

"धोका टळलाय," डॉक्टर म्हणाल्या. "पण एवढ्याशा मात्रेने हे झालं असेल, तर हे औषध तुम्हाला सोसत नाही असं धरावं लागेल. मी फाइलवर तसं लिहिणार आहे. एकदा लिहिलं की कुठलाही डॉक्टर ते तुम्हाला पुन्हा देणार नाही."

"मग त्यांचे हात?" वहिनींनी विचारलं.

"दुसरी औषधं आहेत. करून बघू. पण ह्याने जितका गुण आला तितका त्यांनी येईल असा शब्द मी नाही देऊ शकत. भाऊ, शेवटचं विचारते. एकदाच घेत होतात ना?"

भाऊंनी छताकडे पाहिलं. "एकदाच."

"मी पहिल्यापासून सांगत होते," ताई म्हणाल्या. "विष आहे विष. माझं ऐकतं कोण?"

डॉक्टर म्हणाल्या, "संध्याकाळी राउंडला येईन तेव्हा कागद पुरे करते." आणि त्या गेल्या.

भाऊंचा चष्मा सलूनमध्ये राहिला होता. तो आणायला वहिनी निघाल्या. खरं तर ताईंचं "मी सांगत होते" आणखी ऐकवत नव्हतं.

सलूनमध्ये ऊन आरशांवर पडलं होतं. टॉवेल दोरीवर वाळून कडक झाले होते, पाटी 'बंद' होती. वहिनींनी चष्मा उचलला, पर्समध्ये टाकला. जाता जाता नजर सवयीने खिळ्याकडे गेली. पिशवी रिकामी होती. त्यांनी पर्समधून पट्टी काढली आणि गोळ्या फोडून हातावर घ्यायला लागल्या. एक, दोन, तीन, चार.

चौथ्या गोळीला हात थांबला.

नवरा दवाखान्यात, औषध बंद, आणि आपण पिशवी भरतोय. ह्या हाताला कोणी विचारलंच नाही, आज वार कोणता. मागच्या खेपेला भरली तेव्हा वार कोणता होता? शनिवार, कारण लाँड्रीत गर्दी होती आणि त्या घाईत आल्या होत्या. त्याच्या आधी? गुरुवार असेल. त्याच्या आधी मंगळवार. त्यांनी पर्स खुर्चीवर उलटी केली. रिकाम्या पट्ट्या त्या फेकत नसत, औषधवाल्याला दाखवायला ठेवत. गेल्या तीन आठवड्यांच्या पट्ट्यांमध्ये तीन महिन्यांच्या गोळ्या संपल्या होत्या.

वहिनी भाऊंच्या खुर्चीत बसल्या. समोरच्या आरशात एक बाई दिसत होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. ज्या माणसाला सर्दी झाली तरी त्या दोन दिवस धड जेवायच्या नाहीत, त्याला त्यांनी स्वतःच्या हाताने, मोजून, वेळच्या वेळी मरणाच्या दारात नेऊन ठेवलं होतं.

मग मनात आलं, कोणाला कळायचं काय कारण? पट्ट्या कचऱ्यात, पिशवी कचऱ्यात. ते बरे होतायत. डॉक्टर औषध बंद करतायतच. उतू गेलेलं दूध ज्या बाईने तीस वर्षं विसरू दिलं नाही, ती हे काय विसरू देणार? आणि ताई राहू देत. खुद्द नवऱ्याने हे कळल्यावर आपल्या हातून पाण्याचा पेला तरी घेतला असता का?

पिशवी त्यांनी कचऱ्याच्या डब्यावर धरलीसुद्धा. पण डब्यात केस होते, शेवटच्या दिवशी भाऊंनी कापलेले, झाडून गोळा केलेले. आपण गप्प बसलो तर डॉक्टर कागदावर लिहिणार, आणि ज्या औषधाने ती मूठ काउंटरवर उघडली होती ते औषध कायमचं गेलं. गुन्हा आपला आणि शिक्षा त्यांच्या हातांना. वहिनींनी पिशवी, पट्ट्या, चष्मा, सगळं पर्समध्ये भरलं आणि रिक्षाही न बघता चालत सुटल्या. पुढे रिक्षा केली, पण ती बऱ्याच पुढे.

खोलीत पोचल्या तेव्हा डॉक्टर फाइल उघडून उभ्याच होत्या. ताई खुर्चीत होत्या. त्या नसत्या तर बरं झालं असतं, असं एकदा वाटलं. मग वहिनींनी पट्ट्या पलंगावर ओतल्या.

"हे लिहू नका," त्या म्हणाल्या. धाप लागली होती. "औषधाचा दोष नाही. माझा आहे. मी भरतच गेले. पिशवी रिकामी दिसली की भरली. दुकान बंद केलं की हे घेत गेले. आठवड्यातून तीन-तीन, चार-चार वेळा झालं असेल. वार कोणी बघितलाच नाही. मीच ती युक्ती काढली होती."

डॉक्टरांनी पट्ट्या मोजल्या.  

"ह्याने माणूस जातो, माहिती आहे तुम्हाला?" डॉक्टर म्हणाल्या.

"माहिती आहे."

"आणि हे आज सांगितलं नसतं तर मी चांगलं औषध कायमचं काढून टाकलं असतं, हेही माहिती आहे?"

"म्हणून तर धावत आले."

डॉक्टरांनी फाइलमधलं पान काढून चुरगाळलं. त्यांचा आवाज जरा खाली आला. "मग ह्यांच्या शरीराने काही वावगं केलेलं नाही. इतक्या गोळ्यांनी कोणालाही हेच झालं असतं. रक्त नीट झालं की पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा सुरू करू. निम्म्या मात्रेने. आणि दुकान उघडं असो की बंद, वार एकच." मग त्या भाऊंकडे वळल्या. "तुम्ही इतके गप्प कसे?"

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं आणि मग पायाशी असलेल्या फळ्याकडे. त्यावर नर्स रोज तारीख आणि वार लिहायची.

"मला परवा कळलं," ते म्हणाले. "फळ्यावर मंगळवार लिहिला होता. म्हटलं, आज गोळ्यांचा दिवस. मग मागचा मंगळवार आठवला, आणि त्याच्या पुढचा गुरुवार. झोपून दुसरं काम काय, मोजत बसलो."

"परवा कळलं?" वहिनी ओरडल्याच. "आणि आज डॉक्टरांना तोंड वर करून एकदाच म्हणालात?"

"तू स्वतःला खात बसली असतीस. तुला मी ओळखत नाही का?"

"आणि हात? हात गेले असते तुमचे!"

"गेले असते तर गेले असते. चौतीस वर्षं केस कापले, आता गल्ला बघत बसलो असतो. तू रोज माझ्याकडे चोरासारखी बघायला लागली असतीस, ते मला नको होतं."

वहिनींनी भाऊंना बजावलं की बरे झाल्यावर आपण त्यांच्याशी आठ दिवस बोलणार नाही. मग पलंगाच्या कडेला बसून मास्कच्या आत ढसाढसा रडल्या. ताई उठल्या आणि काही न बोलता खोलीबाहेर गेल्या. हे सगळ्यांत भयंकर होतं. ताई गप्प बसलेल्या वहिनींनी आजवर बघितल्या नव्हत्या.

भाऊ घरी आले, तोंड बरं झालं, रक्त हळूहळू वर आलं. पण औषध बंद, त्यामुळे सांधे पुन्हा धरले. सकाळी बटणं वहिनी लावून द्यायच्या. पोळलेल्या माणसासारख्या त्या गोळ्यांपासून लांब राहत. घरात कसलीही पट्टी आली की सरळ ताईंच्या घरी पोचती करत. "तुमच्याकडे ठेवा. वार तुम्ही बघा. माझ्या हातून नको." ताई "हं" म्हणून ठेवून घ्यायच्या. त्या दिवसाबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं, आणि वहिनी रोज त्याची वाट बघत होत्या. दुधापेक्षा हे मोठं होतं. कधीतरी येणारच होतं.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी तीन गोळ्यांची परवानगी दिली. वार ठरला गुरुवार, मुद्दाम कामाचा.

गुरुवारी सकाळी ताई आल्या. त्यांनी आपल्या घरी कुलपात ठेवलेली पट्टी पदराआडून काढली, चष्मा लावला, नाव वाचलं, पट्टी उलटी करून तारीख वाचली. भाऊ जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर पाण्याचा पेला. वहिनी ओट्याशी पाठ करून काहीतरी पुसत होत्या. ते आधीच पुसून झालेलं होतं.

"अगं ए," ताई म्हणाल्या. "इकडे ये. तू दे."

"मी नाही ताई. तुम्हीच द्या. माझ्या हातून पुन्हा काही…"

"ऐकून घे." ताईंनी पट्टी टेबलावर ठेवली. "ह्या गोळ्यांवर माझा आजही विश्वास नाही. काडीचा नाही. पण तू त्या दिवशी माझ्यादेखत बोललीस. मला टरकतेस, मला काय कळत नाही? तरी बोललीस. मी बाहेर जाऊन बसले आणि विचार केला, माझ्या हातून झालं असतं तर मी बोलले असते का? नसते बोलले. माझा विश्वास तुझ्यावर आहे. तू देणार असशील तर त्याने घ्याव्यात, नाहीतर ही पट्टी मी परत नेते."

 वहिनी हात पदराला पुसून टेबलाशी आल्या. पट्टीतून एक गोळी काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. त्या थांबल्या आणि तिन्ही पुन्हा मोजल्या.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं. 

"गुरुवार," भाऊ म्हणाले.

"गुरुवार," ताईही म्हणाल्या.

भाऊंनी हात पुढे केला. बोटं सुजलेली होती, मूठ अर्धीच सुटत होती. वहिनींनी एकेक बोट धरून ती सावकाश उघडली, तळहातावर तिन्ही गोळ्या ठेवल्या, आणि त्यांनी घेईपर्यंत हात सोडला नाही.